सरलेल्या दुखण्याची पत्रं

४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

नमस्कार कंबरेत वाकून केला आहे असं धरून चाल. प्रत्यक्षात खुर्चीतूनच केला आहे.

तो आवाज आठवतो का गं तुला? शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्हवर चपटं पातेलं ठेवलेलं असायचं आणि उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंज एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. किण किण, मग बुडबुड, मग पुन्हा किण किण. कुठे लांब एखादी घुंगरांची बैलगाडी आपल्याच नादात चालली आहे असं वाटावं, इतका गोड. आणि त्या गोड आवाजानं अख्खी शाळा बाह्या खाली ओढून घ्यायची. तू माझ्यापुढे पाच इयत्ता, पण त्या दिवशी तुला मुद्दाम माझ्या रांगेत आणून उभी केली होती, कारण मी पळणार याबद्दल गुरुजींना खात्री होती. तू माझं मनगट धरलं होतंस आणि मी पुस्तकातली नदीची कविता म्हणत होतो, एका श्वासात एक कडवं. तिसऱ्या कडव्यात सुई टोचली गेली आणि मला कळलीच नाही. घरी आल्यावर तूच त्या जागी चिमटा काढलास आणि म्हणालीस, आता कळलं का.

परवाच्या गुरुवारी लसीचा बूस्टर घेतला. तिथे असला कसलाच आवाज नव्हता. बॅडमिंटनचा हॉल, जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेषा, त्या रेषांवर ओळीनं खुर्च्या आणि कागदात गुंडाळलेल्या सुया. मी सवयीनं नदीची कविता मनात सुरू केली. पहिली ओळ संपायच्या आत नर्स म्हणाली, आजोबा, झालं. मला फसवल्यासारखं वाटलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या वृद्धनिवासातल्या तुम्ही सहा जणी माझ्या खबरीवर अडून बसल्या आहात हे मला ठाऊक आहे, म्हणून नीट लिहितो. आणि वडिलांचा नियम मोडलेला नाही बरं का. दुखणं अंगात असताना पत्रात लिहायचं नाही, सरलं की लिहायचं. नाहीतर पत्र पोचेपर्यंत लिहिणारा बरा होतो आणि वाचणारा अंथरूण धरतो. माझं सरलं, म्हणून लिहितो.

पहिल्या संध्याकाळी फक्त दंड. चाळीस वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी शिशाची अक्षरं जुळवली, जुळवलेल्या ओळींनी भरलेली गॅली, म्हणजे ते जड तबक, उचलून यंत्रापर्यंत नेली, ते सगळं शिसं कुणीतरी बाहीत ओतलं आहे असं वाटत होतं. दुसऱ्या सकाळी ताप. दात असे वाजत होते की कवळी काढून ठेवली. दोन पांघरुणं, वर ओव्हरकोट. डोळे मिटले की अक्षरांच्या खिळ्यांचे सगळे खण उपडे झालेले दिसायचे, सगळी बाराखडी जमिनीवर, आणि मी एकेक अक्षर वेचतो आहे. काखेत गोटीएवढी गाठ आली. नर्सनं आधीच सांगितलं होतं, तिला दुखणं न म्हणता पाहुणी म्हणायचं, आपण होऊन जाते. तिसऱ्या दिवशी दुपारी घाम आला, ताप उतरला, मी बटाटे उकडून खाल्ले.

तेव्हा निर्धास्त घ्या. तुझं वय एक्याऐंशी, छाती लहानपणापासून कमजोर. तुझं काही झालं तर मी कुणाला लिहू?

मध्येच उठून खिडकीपाशी जाऊन आलो. हल्ली एका जागी बूड टिकत नाही.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

पत्र जेवणाच्या हॉलमध्ये वाचून दाखवलं. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून हळू बोलायची सवय झाली होती, ती कानांबरोबर गेली. आता मी वाचते तेव्हा म्हणे स्वयंपाकघरातली माणसं भांडी थांबवून ऐकतात.

तुझा ताप सगळ्यांना आवडला. खिळ्यांच्या स्वप्नाला दोघींनी डोळे पुसले. पण समोरच्या खोलीतली बाई आहे ना, जिला आम्ही हरकतबाई म्हणतो, तिनं हरकत घेतली. ती चहा गार आहे इथपासून सूर्य चुकीच्या खिडकीतून येतो इथपर्यंत कशालाही घेते. म्हणाली, या गृहस्थांनी तापाला चार अलंकार घातले पण आकडा घातला नाही. ताप किती? कुठला हात? गोळी कितीदा घेतली? आणि हे तर तीन दिवसांचं झालं, पंधरा दिवसांनी कसे आहेत ते कोण सांगणार?

मी तिला म्हटलं, माझा भाऊ कवी आहे. ती म्हणाली, मग तर नक्कीच विचारा.

लस देणाऱ्या बाया इथे वीस तारखेला येणार आहेत. नावं अठरापर्यंत द्यायची. तीन जणी तयार आहेत, दोघी तुझ्या पुढच्या पत्रावर आहेत, आणि मी त्या दोघींपैकी एक. हसू नकोस. मागच्या वेळी ताप आला तेव्हा न्हाणीघरात पडले होते, हे तुला दोन महिन्यांनी लिहिलं होतं. हरकतबाई कुणाच्याच बाजूची नाही. तेव्हा कविता कमी आणि माहिती जास्त, असं लगेच लिही. खरं लिही.

अक्का


१४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

हरकतबाईंना माझा मुजरा सांग. छापखान्यात असा एक मुद्रितशोधक होता. कवितेतला चंद्र चुकीच्या बाजूला उगवला म्हणून त्यानं छपाईला चढलेला फर्मा थांबवला होता. त्याचंच बरोबर निघालं.

घ्या माहिती. हात डावा. ताप एकशे एक, एकदाच एकशे दोनला शिवून आला. तापाची साधी गोळी, सहा-सहा तासांनी, एकूण पाच. पाणी भरपूर. पाहुणी गाठ नवव्या दिवशी गेली. न्हाणीघरात पडलो नाही, कारण त्या दोन दिवसांत अंघोळच केली नाही. तूही करू नकोस, आणि उठताना कुणाला तरी हाक मार. पडलीस ती तापानं नाही, हट्टानं.

आणि आज पंधराव्या दिवशी कसा आहे? झकास. खरंच झकास. दिवसाची नवी घडी बसवली आहे, तीच सांगतो म्हणजे खात्री पटेल.

सकाळी भाजी-दूध घेऊन येतो. चौथ्या मजल्यापर्यंत एका दमात धावत जायची घाई आता कुणाला आहे? दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्याच्या वळणावरच मशीन टाकून बसतात. त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल काढून ठेवलं आहे. पंधरा-वीस मिनिटं बसतो. मशीनच्या खडखडीवर नदीची कविता फार छान लय धरते. पूर्वी एका श्वासात एक कडवं म्हणायचो, आता ओळीच्या मध्येच एक विसावा घेतो. त्यामुळे नदीला वळण मिळाल्यासारखं होतं. शिंपीणबाई पायडल थांबवतात आणि म्हणतात, आजोबा, घाई नाही.

दुपारी लवंडतो ते आता राजासारखा, उशा रचून. सपाट पडून छत बघण्यापेक्षा बसल्या-बसल्या समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले शर्ट बघणं बरं. जरा डुलकी लागते, मग उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. कामाविना माणूस असा भिरभिरतोच. फक्त चपला आकसल्या आहेत. संध्याकाळी पाय आत जायला तयार नसतात. उन्हात वाळत ठेवल्या त्याचं हे फळ.

ही झाली पंधरा दिवसांची खबर. नाव देऊन टाक, अक्का. आजच्या आज दे.

तुझा,
धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

सहाच्या सहा जणींनी घेतली. पत्र सतरालाच आलं, अठराला नावं दिली.

आता आमची खबर ऐक. मला एक दिवस ताप आणि दोन दिवस दंड. उठताना हाक मारली, पडले नाही. शेजारची चौदा तास झोपली, आम्ही दोनदा आरसा धरून बघितला. एकीला काही म्हणजे काही झालं नाही आणि तिला त्याचं इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी तिनं थोडं डोकं दुखवून घेतलं. हरकतबाईनं सुईला हरकत घेतली, कापसाला घेतली, नर्सच्या उभं राहण्याला घेतली, आणि सगळ्यांत आधी बाही वर केली.

तर ते झालं. आता तू सांग, ही शिंपीणबाई कोण?

तुला वाटतं मला कळत नाही? रोज पंधरा-वीस मिनिटं. खास स्टूल. कविता. ओळीच्या मध्ये थांबायचं आणि बघायचं की ती बघते का. वर पुन्हा जागेवर बूड टिकत नाही, दुपारी झोप नाही, नुसत्या फेऱ्या. शहात्तराव्या वर्षी हे असलं काही असलं तर मला आधी सांग, म्हणजे नवी साडी काढून ठेवते. हॉलमध्ये तुझं पत्र तीनदा वाचावं लागलं. एक जण म्हणाली, चपला आकसल्या नाहीत, नवरदेवाचे पाय जमिनीवर नाहीत. मी इतकी हसले की दंडाचं दुखणं विसरले.

एकटी हरकतबाई हसली नाही. पत्र मागून घेतलं, खिडकीपाशी नेऊन स्वतः वाचलं. मग विचारलं, भाऊ कितव्या मजल्यावर राहतो. चौथ्या, म्हटलं. लिफ्ट? नाही, म्हटलं. नुसतं हं म्हणाली आणि पत्र परत दिलं, पाकीट तिच्याकडेच राहिलं. तिला कुणाचं चांगलं बघवत नाही. तीस वर्षं इस्पितळात हृदयाच्या वॉर्डात नर्स होती म्हणे, तिथे हसायची सवय मोडली असेल.

लवकर लिही. मजा येते आहे.

अक्का


२ मार्च

धाकट्या,

कार्डच टाकते आहे. आठ दिवसांत उत्तर नाही. मी चेष्टा केली म्हणून रागावलास का? तुझं पत्र आलं नाही की मला दोनच गोष्टी सुचतात, आणि त्यातली एक मी लिहीत नाही.

शिंपीणबाई चांगली असेल तर माझी काही हरकत नाही. हरकतीचं खातं असलेली बाई तशीही चार दिवस भाचीकडे जाणार म्हणते आहे. हिला भाची आहे हे दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

एक ओळ तरी लिही.

अक्का


५ मार्च

प्रिय अक्का,

तुझं कार्ड आत्ता, दुपारच्या टपालानं आलं. शिंपीणबाईंनी वर आणून दिलं, कारण चार दिवस मी खाली उतरलो नाही.

आज वडिलांचा नियम मोडतो आहे. दुखणं सरलेलं नाही आणि मी लिहितो आहे. हॉलमध्ये वाचू नकोस.

शिंपीणबाई पन्नाशीच्या आहेत, नवरा दारोदार पाण्याचे मीटर वाचत फिरतो, मुलगी कॉलेजात आहे. स्टूल त्यांनी दिलं कारण एक दिवस मी त्यांच्या मशीनला धरून उभा राहिलो आणि मला बोलता येईना. कवितेतला विसावा मी घेत नाही, अक्का. श्वास संपतो. ओळ अर्धी असते आणि आत काही उरलेलं नसतं. छातीत कधी कधी काहीतरी फडफडतं. चार ठोके नीट, एक गायब, मग तीन एकदम, जसं नवख्या माणसानं जुळवलेली ओळ, कुठे अंतर जास्त, कुठे अक्षरं एकमेकांवर चढलेली. मी मनगट धरून मोजायला बसतो आणि दर वेळी मोजणी चुकते, मग उठतो, खिडकीशी जातो, तिथेही दम लागतो, परत येतो. सगळी दुपार अशीच जाते.

तुझी चेष्टा वाचून मला हसू आलं, हे खरं. आणि हायसं वाटलं, हेही खरं. म्हटलं, तेच समजू दे तिला.

आता तू विचारशील, लपवलं का. सांगतो. तू लिहिलं होतंस की दोघी माझ्या पत्रावर आहेत आणि त्यातली एक तू. मी काय लिहिणार होतो? लस घेतली, झकास आहे, फक्त जिना चढता येत नाही? सहाही जणींनी बाह्या खाली केल्या असत्या. आणि तुझी छाती मला ठाऊक आहे. लहानपणी तुझ्या खोकल्यावर मी झोपायचो, तो थांबला की दचकून जागा व्हायचो.

मला पक्कं ठाऊक असतं की हे लसीनं केलं, तर मी लिहिलं असतं, शपथ. पण जिन्यात मी थंडी पडायच्या आधीपासून थांबतो आहे. तेव्हा स्टूल नव्हतं, पायरीवर बसायचो आणि कुणी आलं की चपलेतला खडा काढायचो. ताप, दंड, गाठ, ते लसीचं होतं आणि ते सांगितल्याप्रमाणे आलं आणि गेलं. हे निराळं आहे. पण मग वाटतं, त्या आठवड्यापासून वाढलं का? की घरात पडून होतो, स्वतःकडे कान लावून होतो, म्हणून तेव्हापासून ऐकू यायला लागलं? कधी हे पटतं, कधी ते. डॉक्टर सांगतील. डॉक्टरकडे जायचं म्हणून चार वेळा शर्ट घातला आणि चार वेळा काढून ठेवला. मी दारात पाय टाकला की पहिला प्रश्न असणार, शेवटची लस कधी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जिन्यावर बातमी असणार की चौथ्या मजल्यावरचा आजोबा बूस्टरनं आडवा झाला. शिंपीणबाईंची लस घ्यायची पाळी येत्या सोमवारी आहे.

हे कारण मी स्वतःला सांगतो. तुमच्या सगळ्यांचं घेऊन झालं, तेव्हा ते अर्धं संपलं. उरलेलं अर्धं असं आहे की मला भीती वाटते. गुरुजींनी तुला माझ्या रांगेत का आणून उभं केलं होतं ते तुला ठाऊकच आहे. आता रांगेत मी एकटा आहे आणि पळायला दमही नाही.

उद्या नक्की जातो. हे मी रविवारपासून

दार वाजलं. शिंपीणबाई असतील. थांब.

पुढचं त्याच कागदावर लिहितो, मला पाच मिनिटं दिली आहेत.

शिंपीणबाई नव्हत्या. दारात एक उंच, हडकुळ्या बाई, पांढरे केस कानामागे घट्ट बांधलेले, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या अक्षरातलं तुझ्या पत्त्याचं पाकीट, मागे माझा पत्ता लिहिलेला. चार मजले चढून आल्या होत्या आणि त्यांना दम लागला नव्हता. मला दार उघडून लागला होता. मी विचारलं, कोण हवं आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. मग नाव-गाव काही न सांगता म्हणाल्या की तुमची बहीण फार मोठ्यानं वाचते, पण ऐकत काहीच नाही.

तेव्हा मला कळलं कोण ते. भाची वगैरे कुणी नाही, अक्का. सकाळपासून पाच तास बसमध्ये होत्या.

मला खुर्चीत बसवलं. स्वतः खाली बसून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा राहिला. आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत राहिलो, तो काही भरून येईना. मग मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरा एक मिनिट धरलं, आणि त्या वेळात मी पहिल्यांदाच मोजायचा थांबलो.

"झोपताना उशा किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी मान वळवून पलंगाकडे बघितलं.

"चार," मी म्हणालो.

मी चाचरत लसीचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते डॉक्टरांना सगळं सांगायचं, तारखेसकट, एक अक्षर न गाळता; पण जिना, उशा आणि पाय हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं आहे, बूस्टर हा शब्द निघायच्याही आधीपासून. आणि लोक काय म्हणतील हा प्रश्न इस्पितळातून परत आल्यावर विचारायचा, तिथे त्याला खाट नाही. मग पिशवीतून माझ्यासाठी काय काढलं असेल? ढगळ कापडी बूट. म्हणाल्या, चपलांचा नाद सोडा, त्या आकसलेल्या नाहीत.

खाली टॅक्सी उभी आहे. मी म्हटलं, चार मजले उतरायचे म्हणजे वेळ लागेल. त्या म्हणाल्या, लागू दे. वर येताना तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यावरची दारं वाजवून त्यांनी तिन्ही ठिकाणी खुर्च्या बाहेर काढायला लावल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर स्टूल होतं, त्याला त्यांनी हरकत घेतली. पाठ टेकता येत नाही म्हणून.

हे पाकीट त्या स्वतः टपालात टाकणार आहेत. हात पुढे करून उभ्या आहेत.